शहामृगाच्या पिलाचं पोट पुन्हा पुन्हा गच्च का होतं?

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. पिलू कळपामागे रेंगाळतंय, चोच मारतंय पण गिळत नाही, विष्ठा कमी झालीय. पोट चाचपलं की डावीकडे गोळा लागतो. औषध होतं, कधी ऑपरेशन होतं, पोट मोकळं होतं. दोन-तीन आठवड्यांनी तेच पिलू किंवा त्याच्या शेजारचं दुसरं पुन्हा पंख लोंबवून उभं असतं. अशा वेळी औषध बदलून काही होत नाही. पोट रिकामं झालं, पण ते भरलं कशाने आणि मुख्य म्हणजे पिलाने ते खाल्लंच का, हे कुणी बघितलेलं नसतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्लाइन कारू भागात, आउट्सहूर्नच्या आसपास, १८६० च्या दशकापासून शहामृगं पाळली जातात. लसूणघासाची हिरवी रानं आणि शहामृगांचे वाडे तिथे शेजारी शेजारी. इतक्या पिढ्यांच्या अनुभवानंतरही सहा महिन्यांच्या आतलं पिलू गच्च पोटाने जाणं तिथे नवीन नाही. त्यामुळे आपल्याकडेच असं होतंय म्हणून खचू नका. पण 'शहामृग काहीही पचवतं' या समजुतीवरही विसंबू नका. युरोपात जुन्या काळी शहामृग लोखंड पचवतं असं मानत, आणि तिथल्या राजचिन्हांमध्ये चोचीत घोड्याची नाल धरलेलं शहामृग रंगवत. चित्रापुरतं ठीक आहे. वाड्यात पडलेला दोन इंचांचा खिळा मात्र जठराच्या पातळ भिंतीतून आरपार जातो.

पोटाची रचना आधी समजून घ्या

कोंबडीला मानेच्या तळाशी अन्न साठवायची पिशवी असते, शहामृगाला ती नसते. गिळलेला घास मानेतून सरळ खाली जातो आणि मानेवर पिसं विरळ असल्यामुळे तो सरकताना बाहेरूनही दिसतो. तो उतरतो पहिल्या जठरात. ही मोठी, पातळ भिंतीची पिशवी. पाचक रस सोडणाऱ्या ग्रंथी तिच्या सगळ्या भिंतीत पसरलेल्या नसतात, एका बाजूच्या पट्ट्यातच असतात. तिथून रुंद तोंडाने माल गिझार्डमध्ये येतो (कलेजी-पेट्यातला पेटा तो हाच). जाड स्नायू आणि गिळलेले खडे मिळून तिथे दळण होतं. गिझार्डमधून आतड्यात जायचा रस्ता मात्र अरुंद. थोडक्यात, आत यायला दरवाजा आणि बाहेर जायला खिडकी. दळण थांबलं किंवा दळता येणार नाही असा माल आला, की तो मागे पहिल्या जठरात साचत जातो. भिंत पातळ असल्याने ती ताणते, ताणलेल्या भिंतीचं आकुंचन मंदावतं आणि त्यामुळे आणखी साचतं.

महाराष्ट्रात इमूपालनाची लाट येऊन गेली. तो अनुभव असलेल्यांनी इथे जरा सावध राहावं. इमूच्या पोटातून खाद्य पाच-सहा तासांत बाहेर पडतं. शहामृगाचं काम रवंथ न करणाऱ्या घोड्यासारखं आहे. मोठ्या पक्ष्याचं आतडं सुमारे १४ मीटर, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग मोठ्या आतड्याचा, आणि चोथा तिथे जिवाणूंकडून आंबून पचतो. खाद्य बाहेर पडायला दीड ते दोन दिवस लागतात. म्हणून आज दिसणारं लक्षण आजच्या खाण्याचं नसतं.

पिलाकडे ही चोथा पचवायची यंत्रणा जन्मतः तयार नसते. तिसऱ्या आठवड्यात चोथ्यातला जेमतेम ६-७ टक्के भाग पचतो, दहाव्या आठवड्याच्या सुमारास निम्म्याच्या आसपास. घासाचा लांब दांडा मोठ्या पक्ष्याला अन्न आहे. तीन आठवड्यांच्या पिलाच्या पोटात त्याचा दोरखंड होतो.

खरंच गच्च पोट आहे का? १५ मिनिटांची तपासणी

१. लांबून बघा. निरोगी पिलाची मान सरळ वर आणि नजर फिरती असते. आजारी पिलाची मान इंग्रजी 'एस'सारखी वळलेली, पंख खाली, आणि चोच मारणं चालूच. ही चोच फसवते. 'खातंय की!' म्हणून दोन दिवस वाया जातात. चोच मारल्यावर मान वर करून घास मागे टाकतंय का आणि मानेतून गोळा खाली सरकतोय का, ते बघा.

२. विष्ठा बघा. शहामृगाचं मूत्र आणि विष्ठा वेगवेगळी पडतात, आधी पातळ मूत्र आणि मागून विष्ठा. पोट गच्च होऊ लागलं की विष्ठेच्या बकरीसारख्या लहान कोरड्या लेंड्या होतात आणि मूत्र घट्ट, पिठाळ, हिरवट झाकेचं होतं. विष्ठा पूर्ण बंद झाली असेल तर थेट पशुवैद्यांना फोन.

३. पोट चाचपा. पिलू उभं ठेवा, एकाने बाजूने धरावं. शहामृगाचं छातीचं हाड होडीच्या तळासारखं सपाट असतं, कोंबडीसारखा मधला उंचवटा नसतो. त्या हाडाच्या मागच्या कडेपासून डाव्या बाजूला बोटं हलकेच वर-मागे न्या. निरोगी पिलाच्या गिझार्डमधले खडे बोटांना जाणवतात, एकमेकांवर घासतात. गच्च पोटात दोन तऱ्हा असतात. बोट दाबल्यावर खळगा राहतो अशी मळलेल्या कणकेसारखी पिशवी लागली, तर बहुधा घास किंवा पेंढा. घट्ट, जड, न दबणारा गोळा लागला, तर वाळू किंवा दगड. जोर लावून चोळू नका.

४. वजन करा. रोज सकाळी खाद्याआधी, त्याच काट्यावर. या वयात पिलू रोज वाढायलाच हवं. दोन दिवस वजन तसंच राहिलं तर ती पहिली खूण, लोंबलेले पंख नंतर दिसतात.

मोठा पक्षी असेल तर डोक्यावर कापडी टोपी चढवा, जाड मोज्याचं तोंड कापूनही चालते, चोचीचं टोक उघडं ठेवा. डोळे झाकले की तो शांत होतो. समोर उभं राहायचं नाही. त्याची लाथ पुढे आणि खाली येते आणि दोन बोटांपैकी मोठ्याला जाड नख असतं. बाजूने किंवा मागून जा.

बरणीची चाचणी

याला काही खर्च नाही आणि तरी बहुतेक जण ती करत नाहीत. काचेची बरणी घ्या, त्यात मूठभर ताजी विष्ठा आणि तीन-चार पट पाणी टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि ठेवून द्या. दहा मिनिटांनी तळाशी काय बसलंय ते उजेडात बघा. थोडे कण सगळ्यांच्या विष्ठेत असतात. बोटभर जाडीचा वाळूचा थर दिसला तर पिलू वाळू खातंय. वर तरंगणारा चोथा कशाचा आहे तेही बघा. घासाचे बारीक तुकडे चालतील. पेंढ्याच्या अखंड काड्या, भुसा, प्लास्टिकच्या गालिच्याचे हिरवे धागे दिसले तर दोषी सापडला. त्याच वाड्यातल्या दोन निरोगी पिलांच्या विष्ठेच्या बरण्या शेजारी ठेवा. तिथेही तोच थर असेल तर एक नाही, सगळा वाडा आजारी पडायच्या वाटेवर आहे.

एक्स-रेमध्ये वाळू, दगड, धातू स्पष्ट दिसतात. घास, प्लास्टिक, सुतळी दिसत नाहीत. म्हणून 'एक्स-रे साफ आहे' याचा अर्थ पोट मोकळं आहे असा होत नाही.

आज काय करायचं

पिलू सावध आहे, थोडी का होईना विष्ठा होतेय, आणि पिशवी कणकेसारखी आहे, असं असेल तर वाड्यातून बाहेर काढा. पण एकटं ठेवू नका. एकटं पडलेलं शहामृगाचं पिलू जास्त घाबरतं, आणि घाबरलं की जठर आणखी मंदावतं आणि चोच आणखी चालते. एक शांत सोबती द्या, आणि मूळ कळप जाळीतून दिसेल अशी जागा निवडा. खाली घट्ट बसणारा रबरी मॅट, सैल काहीही नको. सावलीतलं थंड पाणी कायम पुढ्यात. कोरडं खाद्य कमी करून ओलसर भरडा थोडा थोडा, दिवसात सहा वेळा. रोज दोन-तीनदा हळूहळू चालवा. पळवायचं नाही. चालण्याने पोटाची हालचाल सुरू राहते आणि मऊ अडथळा कधी कधी तेवढ्यावर पुढे सरकतो.

इसबगोल किंवा लिक्विड पॅराफिन द्यायचं झालं तर वजनावरून मात्रा पशुवैद्य ठरवतील, आणि ते नळीनेच जायला हवं. चोच उघडून तेल ओतण्याची सवय घातक आहे. शहामृगाची जीभ अगदी आखूड असते आणि श्वासनलिकेचं तोंड तिच्या लगेच मागे उघडतं. ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं की पिलू गच्च पोटाने नाही, न्यूमोनियाने मरतं. जठराची हालचाल वाढवणारी औषधंही स्वतःहून देऊ नयेत. पुढे दगड किंवा तारेचा गोळा अडकलेला असेल तर ती पिशवी त्याच्यावरच आवळतात.

४८ तासांत विष्ठा वाढली नाही, वजन उतरू लागलं, किंवा गोळा दगडासारखा लागत असेल, तर वाट बघू नका. भूल देऊन डाव्या बाजूने जठर उघडून रिकामं करायचं ऑपरेशन पशुवैद्य करतात. अंगात ताकद असताना केलेलं ऑपरेशन आणि दहा दिवस औषधं देऊन हाडं वर आल्यावर केलेलं ऑपरेशन यांच्या निकालात फार फरक पडतो. जठरातून निघालेला माल फेकू नका. पाण्यात धुऊन, चाळून, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा. पुढच्या सगळ्या तपासाचा पुरावा तोच आहे.

आता खरा प्रश्न: त्याने ते खाल्लं का?

शहामृगाचा डोळा सुमारे ५ सेंटीमीटरचा, जमिनीवरच्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांमध्ये सर्वांत मोठा. त्याला जे दिसतं ते चोचीने तपासायचं असतं. हिरवं, पांढरं, चमकणारं काहीही आधी टिपलं जातं. रानात पिलं मोठ्या पक्ष्यांमागे फिरतात आणि ते काय टिपतात ते बघून शिकतात. ब्रूडरमध्ये (दिव्याच्या उबेत पिलं वाढवायच्या जागेत) शिकवायला कुणी नसतं, म्हणून ती एकमेकांचं बघतात. एकाने पेंढ्याची काडी उचलली की पाच मिनिटांत दहा पिलं काड्या उचलताना दिसतील. मोठ्यांची ताजी विष्ठा पिलांनी टिपणं मात्र स्वाभाविक आहे, पोटातले जिवाणू त्यांना तिथूनच मिळतात. त्याला रोग समजू नका.

नेहमीची चोच आणि बिथरलेली चोच यांतला फरक ओळखता आला पाहिजे. बिथरलेलं पिलू एकाच ठिकाणी, एकाच वस्तूवर, न थांबता चोच मारतं: कुंपणाची तार, सोबत्याची पिसं, वाळूचा एकच पट्टा. हे दिसलं की लक्षण दिसण्याच्या आधीचे तीन दिवस मागे जा आणि काय बदललं त्याची यादी काढा. जागा बदलली? नवीन पिलं मिसळली? रोजचा माणूस सुट्टीवर गेला? कुत्रं शिरलं? रात्री ब्रूडरचा दिवा गेला? खाद्याची पोती बदलली? सकाळचं खाद्य दोन तास उशिरा पडलं? उत्तर बहुतेक वेळा यातच सापडतं, आणि एकच गच्च पिलू पुन्हा पुन्हा का, तेही कळतं. कळपात सर्वांत खाली असलेलं, भांड्यापाशी उशिरा पोचणारं पिलू उपाशी राहतं आणि वाळू टिपतं. त्याच्यासाठी औषध म्हणजे दुसरं भांडं, पहिल्यापासून दहा पावलं लांब.

गारठ्याचं वेगळं सांगायला हवं. अंड्यातून ४२ दिवसांनी निघालेलं पिलू किलोच्या थोडं आत भरतं आणि पहिल्या आठवड्यात त्याला ३०-३२ अंश सेल्सिअस ऊब लागते. पोटात उरलेलं पिवळं बलक शोषून व्हायला दहा-पंधरा दिवस जातात. या काळात गारठलेल्या पिलाचं जठर थंडावतं. दिव्याखाली तापमापक पिलाच्या पाठीच्या उंचीवर टांगा, माणसाच्या नाही.

जमिनीचा पेच

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण दोन्ही बाजूंनी मार आहे. वाळू, पेंढा, भुसा, लाकडाचा कीस टाकला तर पिलं खातात. म्हणून कुणी गुळगुळीत फरशी किंवा प्लास्टिकचा कागद करतं, आणि मग पाय फाकतात. शहामृगाच्या पिलाचे पाय एकदा बाजूला घसरले की सहसा सरळ होत नाहीत, आणि बसून राहिलेल्या पिलाचं पोट पुन्हा गच्च होतंच. मधला रस्ता असा: पहिले दोन आठवडे झाडूने ओरखडे काढलेलं खरखरीत काँक्रीट, किंवा त्यावर खाचांचा जाड रबरी मॅट, कडा भिंतीखाली दाबलेल्या. मॅटच्या कडेचे उसवलेले धागे रोज कात्रीने कापा. हिरव्या प्लास्टिकच्या गवताचा गालिचा वापरू नका, रंगाने आणि धाग्याने दोन्ही बाजूंनी तो पिलाला बोलावतो.

बाहेर सोडताना पोट भरलेलं असावं. आधी खाद्य, मग तासाभराने लसूणघासाचं रान, तेही दव सुकल्यावर. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज थोडा वेळ वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण दिवस. रान उंच, फुलावर आलेलं, दांडे लाकडासारखे झालेलं असेल तर आधी कापून घ्या आणि कापलेला माल उचलून न्या. पडून सुकलेले दांडे सर्वांत वाईट. कापून घालायचा घास कडबाकुट्टीतून दोनदा काढा, तुकडा सेंटीमीटरपेक्षा लांब नको. कुट्टीची पाती बोथट झाली की तुकडे न पडता चिरफाळलेले लांब धागे पडतात. गच्च पोटांची रांग लागलीय आणि कारण सापडत नाही, तेव्हा पाती बघा.

एका खाद्यावरून दुसऱ्यावर जायला दहा ते चौदा दिवस द्या: पाव नवीन, मग अर्धं, मग पाऊण. पाणी खाद्याच्या मानाने भरपूर लागतं, किलोभर कोरड्या खाद्याला साधारण अडीच लिटर. पाण्याची भांडी उन्हात ठेवली तर पिणं कमी होतं आणि आतला माल सुकतो.

वाडा कसा तपासायचा

सकाळी ऊन तिरपं असताना, सूर्याकडे तोंड करून, वाकून चाला. तिरप्या उन्हात तारेचा तुकडा, काचेची चीप, वेल्डिंगचा थेंब चमकतो. दुपारी तोच दिसत नाही. मोठा लोहचुंबक दोरीने ओढत न्या, पण जस्त, तांबं, ॲल्युमिनियम त्याला चिकटत नाही, म्हणून डोळ्यांनी बघणं सुटत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली तार नुसती टोचत नाही, विषबाधाही करते. कुंपण दुरुस्त करणाऱ्याला एकच नियम: जितके तुकडे कापले तितके मोजून परत. पोत्यांच्या सुतळ्या खिशात, जमिनीवर नाही.

खडे किती, केवढे

खडे अजिबात नसले तर घास दळला जात नाही, आणि ताटभर उघडे ठेवले तर बिथरलेलं पिलू त्यांनीच पोट भरतं. झिजणार नाहीत असे गारेचे किंवा ग्रॅनाइटचे खडे घ्या. शिंपल्याचा चुरा कॅल्शियमसाठी ठीक आहे, तो विरघळतो, दळण करत नाही. आकार पिलाच्या मोठ्या नखाच्या निम्म्याहून जास्त नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा खाद्यावर थोडे भुरभुरवा, इतकेच की संध्याकाळपर्यंत उरणार नाहीत. नवीन खडीचा रस्ता वाड्याला लागून टाकला असेल तर आधी जाळी लावा.

सगळं ठीक आहे तरी होतंय?

बरणी साफ, जमीन ठीक, बदल काही नाही, तरी कळप खंगतोय आणि मऊ गच्च पोटं येतायत, असं असेल तर जंतांचा संशय घ्या. पहिल्या जठराच्या ग्रंथींमध्ये राहणारा, सुमारे अर्ध्या सेंटीमीटरचा बारीक लालसर जंत शहामृगाचा खास शत्रू आहे. दक्षिण आफ्रिकेत त्याने होणाऱ्या रोगाला आफ्रिकान्स भाषेत 'फ्रोटमाख', म्हणजे सडकं पोट, म्हणतात. ग्रंथी सुजल्या की रस सुटत नाही आणि न पचलेलं खाद्य साचून कुजतं. अशा पिलाचं ऑपरेशन करून उपयोग नाही, ते पुन्हा भरणारच. विष्ठेची जंतांच्या अंड्यांसाठी तपासणी करून घ्या. पिलू मेलं असेल तर ताजं असतानाच जठर उघडून आतला चिकट थर खरवडून भिंगाखाली बघायला सांगा. दुसऱ्या दिवशी काही सापडत नाही. जंतनाशक दिल्यावर त्याच रानात लगेच सोडू नका, अळ्या गवतावर असतात.

बरं झालेलं पिलू परत सोडताना

सकाळी सोडा, म्हणजे खाद्य आणि पाणी कुठे आहे ते शोधायला पूर्ण दिवस मिळतो. सोबती बरोबरच जाऊ दे, दोघं एकत्र गेली की मार कमी बसतो. त्याच्या सवयीचं भांडं वाड्यात आधीच नेऊन ठेवा. पहिला तास कुणीतरी लांबून बघत राहावं: भांड्याशी जातंय की कुंपणाच्या तारेशी? तारेशी गेलं आणि तिथेच राहिलं, तर त्याच क्षणी परत काढा, 'रुळेल हळूहळू' म्हणत सोडून देऊ नका. पुढचे १४ दिवस रोज वजन, आणि तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बरणी. एकाच वाड्यात महिन्याभरात तिसरं पिलू गच्च झालं तर पिलांना नाही, वाड्याला रिकामं करा. सगळा कळप एकदम, रोजच्या माणसासोबत, कोरड्या उबदार दिवशी दुसरीकडे हलवा आणि मग रिकाम्या वाड्याची माती वरच्या दोन इंचांपर्यंत चाळून बघा.